चिंतेची वेळ: साडेसात ते आठ

घराला कुलूप लावलं की मी ते तीनदा ओढून पाहतो. मुलुंड स्टेशनच्या पुलावर पोचेपर्यंत मन शांत असतं. मग गीझर आठवतो. बंद केला का? भांडुप येईपर्यंत गीझर फुटलेला असतो, विक्रोळीला अग्निशमन दलाचा बंब आलेला असतो आणि घाटकोपरला गर्दी आत घुसते तेव्हा सोसायटीच्या सभेत माझ्याविरुद्ध ठराव पास होत असतो. जलद गाडी मिळाली तर मात्र फार धावपळ होते. मधली स्टेशनंच नसल्यामुळे सगळं एका दमात जाळावं लागतं.

मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात. माझ्या वैऱ्यांना तर कामच उरलेलं नाही. 'शुभ बोल नाऱ्या' म्हटल्यावर मांडवाला आग लागल्याचं सांगणाऱ्या नाऱ्याचा मी सख्खा भाऊ. फरक इतकाच, की मी मांडव घालायच्या आधीच पाण्याच्या बादल्या मोजतो. लग्नाच्या बोलणीला मला हल्ली कोणी नेत नाही.

पण याला कारण आहे. २६ जुलै २००५ च्या सकाळी बायकोने विचारलं, "अहो, छत्री?" मी म्हणालो, "आज काही पडत नाही." आयुष्यातला माझा तेवढाच एक सकारात्मक विचार. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी कमरेइतक्या पाण्यातून चालत दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. तेव्हापासून चांगला विचार मनात आला की मला आधी धडकी भरते.

यंदा भाचीने मला हाती घेतलं. ती मानसशास्त्र शिकते आणि तिला प्रॅक्टिकलसाठी घरातलाच माणूस स्वस्त पडतो. "मामा, अ‍ॅरन बेक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६० च्या दशकात दाखवून दिलं, की असे विचार आपोआप येतात. आले की खरे मानायचे नाहीत, पुरावा मागायचा." तिने वहीत दोन रकाने आखून दिले. मी पहिला विचार लिहिला: 'आज गाडी लेट असणार.' बाजूने पुरावा: इंडिकेटर, उद्घोषणा, फलाटावरचे चेहरे. विरुद्ध पुरावा: छापील वेळापत्रक. भाचीने वही मिटली.

मग दुसरा उपाय. थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेला. रोज अर्धा तास फक्त चिंतेसाठी राखून ठेवायचा, वेळ ठरलेली, जागाही ठरलेली. दिवसा चिंता आली की तिला सांगायचं, बाई, संध्याकाळी या. हे मला पटलं. सरकारी कचेरीत लोक हेच तर करतात! वेळ साडेसात ते आठ, जागा बाल्कनीतली प्लॅस्टिकची खुर्ची.

पहिल्याच दिवशी भांडुपला गीझर आला. त्याला साडेसातची वेळ दिली. अकराच्या सुमाराला साहेब टेबलाजवळून जाताना म्हणाले, "आज निघायच्या आधी मला भेटून जा." एरवी एवढ्यावर मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत नोकरी घालवून, मुलुंडचा फ्लॅट विकून, गावी कोंबड्या पाळायला लागलो असतो. त्या दिवशी शांतपणे डायरीत लिहिलं, 'साहेब, ७:३०.' आणि काय सांगू, डबा खाताना भाजी गवारीची आहे हे कळलं! सहाला उठलो, हलक्या मनाने सीएसएमटीला आलो, चौथी सीट मिळाली, कुर्ल्यापर्यंत चक्क डुलकी लागली.

घरी चहा घेतला. साडेसातला खुर्चीत बसून डायरी उघडली. गीझर? तो समोर धडधाकट होता, आणि बंदसुद्धा. लिफ्टच्या आवाजाची चिंता दोन मिनिटंही टिकली नाही. आता अर्धा तास काढायचा कसा, या विचाराने पान उलटलं.

'साहेब, ७:३०.'

निघायच्या आधी. भेटून. जा.

आतून बायकोने विचारलं, "झाली का हो तुमची चिंता करून? पानं घेऊ?"

घड्याळात सात चौतीस झाले होते. म्हटलं, "थांब जरा, आत्ता कुठे बसलोय."