‘रात्रपाळी न केलेल्या बाईंचे तक्ते’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सिस्टर,

बायपोलर आजारात कधी मॅनिया म्हणजे उन्माद, तर कधी नैराश्य असे टप्पे येतात. अशा रुग्णाच्या शुश्रूषेचे नियोजन कसे करावे, कोणत्या समस्येपुढे कोणती कृती, याचे तक्ते देणाऱ्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपण कराडच्या आहात आणि आपली नोकरी बरीच झाली आहे, असे आपणच लिहिले आहे. त्याबद्दल मला आदरच आहे. आपले म्हणणे असे, की लेख लांबला आहे, लिथियम या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या पातळीसाठी रक्त केव्हा घ्यावे हे त्यात नाही, नैराश्याच्या टप्प्याला जागा कमी मिळाली आहे, आणि माण-खटावच्या खेड्यातल्या माणसाला ही तपासणी कुठे मिळणार याचा विचार केलेला नाही. शेवटी आपण लिहिता, ‘असले तक्ते रात्रपाळी न केलेल्या बाई लिहितात, मॅनियाच्या रुग्णाला इंजेक्शन लागते, कागद नाही.’

रक्ताचा मुद्दा मान्य आहे. शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी देण्यापूर्वी नमुना घ्यावा, ही ओळ मी लेखात घातली आहे.

आता ते शेवटचे वाक्य. मतभेद असू शकतात, परंतु ज्या व्यक्तीला आपण कधी भेटला नाहीत तिने कोणत्या पाळ्या केल्या याचा निवाडा परस्पर देऊन टाकणे, ही सहकाऱ्याशी बोलण्याची रीत नव्हे. मी मिरजेत जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम केला, आणि सांगलीत शिकवू लागण्यापूर्वी मनोविकार वॉर्डातच नोकरी केली, त्यात रात्रपाळ्याही आल्या. त्या वॉर्डात एक तरुण ऊस बागायतदार दाखल होता. कित्येक रात्री झोप नाही, जेवायला बसण्याइतकी उसंत नाही, आणि ट्रॅक्टर घेण्यासाठी दर तासाला कोणाला तरी फोन लावायचा असे. संध्याकाळच्या सिस्टरनी ‘जेवलास तर फोन देते’ असे कबूल केले होते, ते पाळी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये आले नाही, आणि मी रात्री ठाम नकार दिला. त्यानंतर जे घडले ते इंजेक्शननेच थांबवावे लागले, हे खरे. पण त्याची वेळ का आली, हे आपण विचारात घेत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही केसपेपरला एक पान जोडले. फोन दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी, नातेवाइकांसमोर, आणि तिन्ही पाळ्यांत तेच उत्तर. ताट ठेवून बसवायचे नाही, येरझाऱ्या घालतानाही हातात धरता येईल असे केळे, चिक्की, पोळीची गुंडाळी द्यायची, आणि पाणी पुन्हा पुन्हा पुढे करायचे. खाट टीव्हीपासून दूर, बोलणे थोडक्यात, वाद नाही. झोपेचे तास लिहून ठेवायचे. इंजेक्शनचा अंमल काही तासांचा असतो आणि लिथियमचा गुण दिसायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस वॉर्ड कशावर चालतो, सिस्टर? मॅनियातला रुग्ण एका पाळीचा नकार दुसऱ्या पाळीत होकारात बदलून घेण्यात अतिशय तरबेज असतो, हे इतकी वर्षे नोकरी करून तुमच्या लक्षात आले नसेल, तर मला आश्चर्य वाटते.

कागदाविषयी आणखी एक सांगते, कारण ते माझ्या घरातले आहे. माझे मामा आटपाडीचे, लिथियमवर होते. ऐन उन्हाळ्यात त्यांनी निर्जळी उपवास धरला, त्यातच गुडघ्यासाठी मेडिकलमधून आयबुप्रोफेन आणून घेतले. शरीरातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते, आणि या वेदनाशामकानेही वाढते. हात थरथरू लागले, उलट्या झाल्या, जीभ जड झाली, तोल जाऊ लागला. घरच्यांना वाटले, प्यायले आहेत. पातळी साधारण लिटरमागे ०.६ ते १.२ मिलीइक्विव्हॅलंटच्या दरम्यान ठेवायची असते आणि १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात, हे त्यांना डिस्चार्जच्या वेळी साध्या मराठीत कोणी लिहून दिले नव्हते. पाणी तोडू नका, मीठ एकाएकी बंद करू नका, दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि घरी जागरण-गोंधळ असला तरी तुम्ही रात्री झोपा, कारण झोपमोडीने मॅनिया पुन्हा उसळतो. या चार ओळी म्हणजेच नियोजन. त्यांना कागद रंगवणे म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

नैराश्याविषयी लेखात स्वतंत्र भाग आहे. उदासी तशीच असताना अंगात बळ परतू लागते तेव्हा आत्महत्येचा धोका वाढतो, म्हणून त्याच दिवसांत नजर अधिक ठेवावी, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. तो भाग आपण वाचलेला दिसत नाही, आणि तरीही लेख लांब असल्याची तक्रार आहे, याची मला गंमत वाटते.

राहिला माण-खटावचा प्रश्न. सरकारी आरोग्यसेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ ने दिला आहे. तो प्रत्यक्षात का मिळत नाही, हे शासनाला विचारावे, मला नव्हे. माझा लेख वॉर्डातल्या नियोजनावर होता. पुढे लिहाल तेव्हा कोणत्या समस्येपुढची कोणती कृती तुम्हाला चुकीची वाटते तेवढे लिहा. माझ्या पाळ्यांची चौकशी नको.