पेशंटला बिस्किटाचा पुडा नेणाऱ्यांनो

आजारी माणसाला भेटायला जाताना बिस्किटाचा पुडा न्यायचा, हा नियम कुणी काढला तो माणूस मला एकदा भेटू दे.

आमचे मामा ऍडमिट आहेत. शुगर. पायाची जखम भरेना म्हणून ठेवलंय. आज दुपारी डबा घेऊन गेले, तर कॉटशेजारच्या कपाटात डबा ठेवायला जागा नाही. पुडेच पुडे. क्रीमची बिस्किटं, खारी, टोस्ट, आणि सगळ्यांच्या वर 'डायबेटिक स्पेशल' लिहिलेला हिरवा खोका. तो आणणारे पाहुणे तिथंच बसलेले. "मामा, हे गोड नाय, खावा की!" आणि मामा खात होते. चहात बुडवून. मिशीला चुरा.

मी खोका उचलला आणि मागची बाजू वाचायला घेतली. अक्षर इतकं बारीक की फोटो काढून मोठा करावा लागला. पहिलं नाव मैदा. मग पामतेल. मग माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर. पुड्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असा नियम आहे, म्हणजे जे पहिलं तेच सगळ्यात जास्त. साखर घातलेली नाही, खरंय. पण मैद्याची पोटात गेल्यावर साखरच होते, आणि माल्टोडेक्स्ट्रिन तर रक्तातली साखर झपकन वाढवतं. एवढं सांगितलं तर पाहुणे म्हणतात, "ताई, पुढं डायबेटिक लिहिलंय की." पुढं काय, पान पण काढलंय हिरवंगार!

आणि हे सोलापुरात. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी जिथून तास-दीड तासावर पिकते, तिथं. त्या ज्वारीला 2016 साली जीआय, म्हणजे 'हा माल ह्याच भागातला' असा सरकारी शिक्का, मिळाला तेव्हा आपण छाती फुगवली. 2023 हे जगभर भरडधान्याचं वर्ष झालं तेव्हा नाचणीच्या लाडवांसोबत फोटो काढले. आणि पेशंटला नेतो काय? मैदा.

मामा मिलमध्ये होते तेव्हा त्यांच्या डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा. कांदा बुक्कीनं फोडायचे. आम्हा पोरांना भाकरीचा तुकडा मोडून द्यायचे, पापडासारखा कडाड आवाज यायचा. मिल बंद पडली, पुढं पोरं कमावती झाली, आणि घरात कुणी न ठरवता भाकरी मागं पडली. सकाळी चहा-टोस्ट, संध्याकाळी चहा-खारी. पाहुण्यांपुढं भाकरी ठेवायची लाज वाटायला लागली. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती एचबीएवनसी तपासणी, साडेसहाला डायबेटिस धरतात. मामांची नऊच्या वर. मामी रिपोर्ट पदराखाली घेऊन फिरते, जणू तिचीच चोरी.

हो, ज्वारीनंही शुगर वाढते. चार भाकरी चेपल्या तर मालदांडी काय वाचवणार नाही. शेंगाचटणीत मीठ-तेल असतंच. आणि रोज भाकरी थापणार कोण, असं एखाद्या बाईनं विचारलं तर माझ्याकडं उत्तर नाही. पुरुषांनी विचारू नये, शिकावी. नाहीतर आपल्या गावात कडक भाकरी विकत मिळते, कितीतरी दिवस टिकते, तेवढी तरी पिशवीत टाकून आणावी.

ते पाहुणे वाईट नाहीत हो. बिचारे लांबून दोन रिक्षा बदलून आले होते. खोकाही मुद्दाम महागातला घेतलेला, मामांची काळजी म्हणूनच. म्हणून तर जास्त चिडचिड होते. वाईट माणसाला चार शब्द सुनावता येतात. जीव लावणाऱ्या माणसाला काय बोलणार? तिकडं कंपनीनं बरोब्बर ह्याच मायेवर हिरवा रंग लावून ठेवलाय.

हे टाईप करेपर्यंत मामीचा फोन आला. संध्याकाळी आणखी कुणी येऊन गेलं. काजूकतली. "थोडीशीच दिली," म्हणाली. काय बोलू आता!

मग न्यायचं काय, असं कमेंटमध्ये विचाराल. काही नेऊ नका की. हात हलवत या. ड्रेसिंगच्या वेळी मामांना बोलण्यात गुंतवा, त्या वेळी त्यांना लई त्रास होतो. आणि जमलं तर एक रात्र मुक्कामाला थांबा. मामी ऍडमिट केल्यापासून खाली सतरंजीवर झोपतेय, तिला घरी जाऊन जरा पाठ टेकता येईल.