ग्लास खाली ठेवायचा, पण कुठे?

पाण्याच्या ग्लासाची गोष्ट तुमच्याकडेही आली असेलच. एक मानसशास्त्रज्ञ बाई भरलेल्या हॉलसमोर हातात पाण्याचा ग्लास धरून उभ्या राहतात. सगळ्यांना वाटतं, आता 'अर्धा भरलेला की अर्धा रिकामा' निघणार. बाई विचारतात, याचं वजन किती? लोक आकडे सांगतात. बाई म्हणतात, वजनाला महत्त्व नाही. मिनिटभर धरला तर काही होत नाही, तासभर धरला तर हात दुखतो, दिवसभर धरला तर बधिर होतो. ताणाचंही तसंच, म्हणून रात्री ग्लास खाली ठेवायला विसरू नका. शेवटी जोडलेले हात आणि एक सूर्यफूल.

वर्षभरात ही गोष्ट माझ्याकडे पाच वेळा आली. दरवेळी थोडी फुगून. आताच्या आवृत्तीत तीन 'धडे' आहेत: ताण किती मोठा हे महत्त्वाचं नाही, तो खाली ठेवणं सर्वस्वी तुमच्या हातात आहे, आणि मुळात ताण परिस्थितीत नसतोच, तो तुमच्या बघण्यात असतो. पाचव्यांदा ती शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर आली. तिच्याखाली अकरा मिनिटांनी, त्याच माणसाने, सोमवारी सकाळी हव्या असलेल्या कामांची यादी टाकली. तेव्हा म्हटलं, आता लिहायलाच हवं.

आधी गोष्टीच्या बाजूने. किती वेळ, हा प्रश्न अगदी योग्य आहे. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये 276 निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले आणि कोण आजारी पडतं ते पाहिलं. महिन्याच्या आत आटोपलेल्या त्रासाचा सर्दीशी संबंध दिसला नाही. महिना किंवा त्याहून जास्त रेंगाळलेल्या त्रासाचा दिसला, आणि तो त्रास मुख्यतः दोनच प्रकारचा होता: हाताला पुरेसं काम नसणं, किंवा जवळच्या माणसांशी न मिटणारं भांडण. इथपर्यंत ग्लासवाल्या बाई बरोबर.

पण 'वजनाला महत्त्व नाही'? मी खरंच ग्लास धरून पाहिला. हात सरळ पुढे, समोर घड्याळ. तिसऱ्या मिनिटाला खांद्यात कळ, पाचव्याला पाणी थरथरायला लागलं. मग भरलेली बादली तशीच धरायचा प्रयत्न केला. त्याची वेळ मोजण्याचा प्रश्नच आला नाही. याच कोहेन यांनी 1991 मध्ये 394 जणांवर असाच सर्दीचा प्रयोग केला होता. आयुष्यात ताण किती याची त्यांनी चढती मोजणी केली, आणि सर्दीचं प्रमाणही पायरीपायरीने चढत गेलं. सर्वांत कमी ताण असलेल्यांत साधारण 27 टक्क्यांना सर्दी झाली, सर्वांत जास्त असलेल्यांत 47 टक्क्यांना. वेळही मोजायची आणि वजनही. ज्याच्या हातात बादली आहे त्याला 'वजनाला महत्त्व नाही' हे ग्लासवाल्याने सांगू नये, एवढी तरी जनाची ठेवावी.

आता मुख्य धडा. रात्री खाली ठेवा.

यात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. काही ग्लास नुसते विचार असतात. दिवसा झालेलं बोलणं, उद्याची मीटिंग. ते तरी हुकूम दिला की खाली बसतात का? डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं, पुढची पाच मिनिटं मनात येईल ते बोला, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजत राहिली. त्याहून मासलेवाईक गोष्ट पुढची: नंतर अस्वलाची मुभा दिली, तेव्हा ज्यांनी आधी ते दाबलं होतं त्यांच्या मनात ते जास्त वेळा आलं, पहिल्यापासून मोकळीक मिळालेल्यांपेक्षाही. 'झोपताना टेन्शन घेऊ नकोस' हे वाक्य ऐकल्यावर रात्री दोनला छताकडे बघत पडलेल्या कुणालाही हा निष्कर्ष नवा नाही.

त्याच अभ्यासात एक उपायही होता, तो मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. काहींना सांगितलं, अस्वल आलं तर त्याऐवजी लाल फोक्सवॅगन गाडीचा विचार करा. त्यांच्याकडे अस्वल नंतर तेवढ्या जोराने उसळून आलं नाही. म्हणजे ग्लास खाली ठेव म्हणून भागत नाही, हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं, आणि ते ठरलेलं, एकच असावं लागतं. रेडिओ दुरुस्त करत बसणारे, विणकाम करणारे लोक हे कुठलाही अभ्यास न वाचता करत आलेत.

दुसरे ग्लास विचार नसतातच. 1995 मध्ये ओहायोत जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी केलेला एक छोटा प्रयोग मला या विषयातला सगळ्यात बोलका वाटतो. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची घरी देखभाल करणाऱ्या 13 बायका, आणि त्यांच्याच वयाच्या, अशी जबाबदारी नसलेल्या 13 जणी. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची, डाळीच्या दाण्याएवढी जखम केली. मग ती भरेपर्यंत तिचे फोटो काढायचे आणि तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायचं. फेस आला तर जखम अजून उघडी, फेस थांबला की भरली. देखभाल न करणाऱ्यांची जखम सरासरी 39 दिवसांत भरली. देखभाल करणाऱ्यांना लागले जवळजवळ 49 दिवस.

या बायकांपैकी कुणाला जाऊन सांगायचं, रात्री ग्लास खाली ठेवा? तो ग्लास रात्री तीनला उठून दाराची कडी काढायला जातो. त्याला परत आणून निजवावं लागतं. या बाईच्या मनाची तक्रार नाहीये. तिला आठवड्यातून दोन रात्री झोपायला मिळावं म्हणून दुसरं कुणीतरी त्या घरात हवंय. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी 1984 मध्ये ताणाला तोंड देण्याचे दोन ढोबळ मार्ग मांडले होते: अडचणीला हात घालणं आणि भावना सावरणं. जे बदलता येतं तिथे पहिला, जे बदलत नाही तिथे दुसरा जास्त उपयोगी. ग्लासाची गोष्ट सगळ्यांना सरसकट दुसराच मार्ग देते.

याच लाझारसचं नाव घेऊन तिसरा धडा दिला जातो: ताण परिस्थितीत नसतो, बघण्यात असतो. अर्धंच वाचलं की असं होतं. माणूस परिस्थिती जोखतो, असं ते म्हणत होते खरं, पण त्यात प्रश्न दोन आहेत. यात माझं काही पणाला लागलंय का? आणि मला याचं काय करता येईल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नजर बदलून येत नाही. ते हातात वेळ, पैसा, माणसं, अधिकार किती, यावर येतं.

या धड्याबरोबर एक आकडाही फिरतो: ताण वाईट आहे असं मानणाऱ्यांना अकाली मृत्यूचा धोका 43 टक्के जास्त, सबब मानणं सोडा. आकडा खरा आहे. 2012 च्या एका अमेरिकन अभ्यासातला. पण तो ताण खूप आहे आणि त्याने आपल्या तब्येतीवर खूप परिणाम झालाय, अशा दोन्ही गोष्टी सांगणाऱ्यांचा आहे. आता, ताणाने माझी तब्येत बिघडली असं म्हणणाऱ्यांत ज्यांची तब्येत खरोखरच बिघडलेली आहे असे किती? त्यांनी काही समजूत करून घेतलेली नाही, ते आपली हकिगत सांगताहेत. अभ्यासाने संबंध दाखवला. मानल्यामुळे माणसं मेली, असं त्यातून सिद्ध होत नाही.

नजर बदलून काहीच होत नाही असंही नाही. परीक्षेआधी विद्यार्थ्यांना 'छाती धडधडणं उपयोगी पडू शकतं' एवढं सांगितलं तर गणिताचे गुण वाढले, असं जेरेमी जेमिसन यांना 2010 मध्ये दिसलं. पण परीक्षा दोन-तीन तासांत संपते. पर्यवेक्षक पेपर काढून घेतो. तिथे ग्लास आपोआप खाली जातो.

मग हातात असतं काय? डेव्हिड ग्लास (योगायोगाने हेच आडनाव) आणि जेरोम सिंगर यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस लोकांना कर्कश, अवेळी होणारे आवाज ऐकवले. काहींजवळ एक बटण होतं: अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल, शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलं नाही. म्हणजे आवाज तितकाच ऐकला. तरीही नंतर न सुटणाऱ्या कोड्यांवर बटणवाले जास्त वेळ टिकले आणि मुद्रितशोधनात त्यांनी कमी चुका सोडल्या. न दाबलेल्या बटणाने एवढं केलं. पण ते असावं लागतं. मनात बटण आहे अशी कल्पना करा, असं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

कंपन्यांना बटण देण्यापेक्षा ध्यानाचं ॲप देणं सोपं वाटतं. विल्यम फ्लेमिंग यांनी 2024 मध्ये ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ताण-व्यवस्थापनाचे वर्ग, ॲप असे वैयक्तिक उपक्रम घेणारे, न घेणाऱ्यांपेक्षा बरे नव्हते. स्वयंसेवेची संधी तेवढी थोडी वेगळी निघाली.

आणखी एक. गोष्टीत ग्लास धरणारा हात एकच आहे. 2006 मध्ये जेम्स कोन यांनी 16 विवाहित स्त्रियांना एमआरआयच्या नळीत झोपवलं, घोट्याला तार जोडली. शॉक बसण्याची 20 टक्के शक्यता आहे असं चिन्ह दिसायचं. कधी नवऱ्याचा हात हातात, कधी परक्याचा, कधी कुणाचाच नाही. नवऱ्याचा हात असताना धोक्याला उत्तर देणाऱ्या मेंदूच्या भागांची धावपळ कमी झाली, आणि संसार जितका चांगला तितकी ती आणखी कमी. परक्या हातानेही थोडा फरक पडला.

इकडे त्या हॉलमध्ये बाई तासभर हात पुढे करून उभ्या आहेत. समोर शेकडो माणसं. सगळे वजन सांगताहेत, आणि उठून कुणी म्हणत नाही, आणा, जरा मी धरतो.

मी त्या फॉरवर्डखाली एवढंच लिहिलं: यादीतली शेवटची तीन कामं बुधवारी दिली तर चालतील का? उत्तर शनिवारी दुपारी आलं. चालतील.