आग्र्याहून सुटका

भाच्याचं लग्न खानापूरला. धोतर, फेटा, शाल सगळं कपाटात तयार होतं. पायात घालायला तेवढं काही नव्हतं.

"खडेबाजारात जाऊन या की ओ," बायको म्हणाली.

पण मला चप्पल हवी होती थेट कोल्हापूरची. मोबाइलवर सापडलीही. फोटोत कान, वेणी, गोंडा सगळं जागच्या जागी, किंमत 1,499 रुपये, आणि खाली हिरव्या अक्षरांत 'कोल्हापूरहून रवाना'. कोल्हापूर आमच्या बेळगावपासून जेमतेम 110 किलोमीटर. सकाळच्या एसटीत बसलेला माणूस जेवायच्या वेळेला पोचतो, तर चप्पल परवापर्यंत यायला हरकत नव्हती.

पत्ता भरायला घेतला. पिनकोड टाकल्याबरोबर राज्याच्या रकान्यात 'कर्नाटक' आपोआप उमटलं. बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं, हा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा त्या वेबसाइटनं अर्ध्या सेकंदात निकालात काढला. मीही फार ताणलं नाही. लग्न तोंडावर होतं.

तिसऱ्या दिवशी संदेश आला : 'तुमचं पार्सल आग्र्याहून निघालं आहे.'

आग्रा! मी चष्मा पुसून परत वाचलं. 1666 सालचं आग्रा आम्हाला शाळेपासून पाठ. महाराज पेटाऱ्यातून निसटले, माझी चप्पल पुठ्ठ्याच्या खोक्यातून निसटत होती. फरक इतकाच, की महाराज मुळात तिथले नव्हते. चप्पल बहुतेक जन्मानंच तिथली होती, आग्र्यात पादत्राणांचा धंदा केवढा मोठा आहे!

मग रोज सकाळी चहाआधी पार्सलचा ठावठिकाणा. दिल्ली. भिवंडी, तिथं चार दिवस मुक्काम. मग एकदम हुबळी. आता भिवंडीहून हुबळीला येणारा ट्रक पुणे-बंगळूर हायवेनं येतो, म्हणजे चप्पल रात्री कधीतरी कोल्हापूरच्या शेजारून गेली असणार. तिचा आणि कोल्हापूरचा संबंध तेवढाच. पुढं ती बेळगावावरूनही तशीच पुढं गेली, हुबळीला जाऊन टेकली आणि दोन दिवसांनी माघारी आली. दारावरून जाऊन घरात न येणारे पाहुणे आमच्याकडेही आहेत, पण ते निदान हात तरी हलवतात.

"ओटीपी हेळ्री, सर," दारातला पोरगा म्हणाला. मी मराठीत आकडे सांगितले, त्यानं कन्नडात पुटपुटत दाबले. काम झालं.

खोकं उघडलं. चामड्यासारखं दिसणारं काहीतरी, खाली रबर, कडेनं डिंकाचे ओघळ. अस्सल कोल्हापुरी बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेल्या चामड्याची, वादीनं शिवलेली, एकही खिळा नसलेली. हिच्यात मी चार खिळे मोजले. पायात घालून दिवाणखान्यात एक फेरी मारली. 'कर्रकर्र' नाहीच, नुसतं फटक फटक.

तक्रारीला फोन लावला. पत्ता कर्नाटकातला म्हणून यंत्र आधी कन्नडात बोललं. मराठी सापडली ती सातव्या आकड्यावर.

"सर, कोल्हापुरी हे डिझाइनचं नाव आहे."

"अहो, डिझाइनचं राहू दे. 'कोल्हापूरहून रवाना' कुणी लिहिलं?"

"ते विक्रेत्यानं भरलंय, सर. मूळ देश भारत, असं बरोबर लिहिलेलं आहे ना?"

होतं. नियमाप्रमाणे देश सांगावा लागतो आणि तो त्यानं प्रामाणिकपणे सांगितला होता. काश्मीर ते कन्याकुमारी कुठूनही आली असती तरी तो खराच ठरला असता.

"आपण महाराष्ट्रातून बोलताय ना, सर?"

मी गप्प बसलो. या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता येत नाही.

शेवटी पिशवीत ती चप्पल घेऊन खडेबाजारात गेलो. दुकानदारानं ती उलटी केली, नखानं टोकरली आणि न बोलता परत केली. मग फळीवरचा जोड काढला. हातात घेताच तेलाचा नि चामड्याचा वास.

"कोल्हापूरची?" मी विचारलं.

"अथणीची. आपल्याच जिल्ह्यातली की. कोल्हापूरच्या दुकानात पण हीच असत्या. तिकडनं लोक हौसेनं घेऊन येत्यात, मी बघून गप्प बसतोय."

त्याचंही खोटं नव्हतं. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर इकडचे. बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर तिकडचे. की उलट? असो. आयोग नेमून माणसांचं जे जमलं नाही, ते पायताणांचं जमलं.

दोन हजार मोजले. आग्रावाली आता न्हाणीघराच्या दारात असते, बायको कपडे वाळत घालताना वापरते.

लग्नात जेवणाच्या पंगतीला कोल्हापूरचे एक पाहुणे शेजारी बसले. माझ्या पायांकडं बघून म्हणाले, "झकास! कुठनं घेतला ओ जोड?"

मी पाय जरा पुढं सरकवला.

"खास कोल्हापूरहून मागवलाय," मी म्हणालो.