साहेब बंदोबस्तात आहेत

मावशीचं मंगळसूत्र खेचून नेलं, त्याला पाच महिने झाले. चौकशीला गेलं की ठरलेलं उत्तर, "साहेब बंदोबस्तात आहेत, सोमवारी या." एवढ्या सोमवारांत सोळा सोमवारांचं उद्यापन झालं असतं! एफआयआरची प्रत कायद्याने फुकट. तरी झेरॉक्स काढायला आम्हालाच पिटाळलं. 1 जुलै 2024 पासून, पोलिसांनी तपास कसा करायचा ते सांगणारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम 193 प्रमाणे तपास कुठवर आलाय ते 90 दिवसांत फिर्यादीला कळवायचं, मोबाइलवरसुद्धा चालतं. येतात ना मेसेज, कर्ज घ्या म्हणून! मावशी मानेवरचा व्रण दाखवते, आणि हवालदार मान वर न करता विचारतो, "सोन्याचं बिल आणलंय का?" अहो, लग्न 1981 चं! कुठलं बिल?