भारी लेन्स सांभाळायची नसते

दोन लाखांची लेन्स घेतलीत ना? मग आता जपताय कशाला? जपायची ती कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स. तुमची 'प्रो' आहे. दुकानदारानं तसं छातीठोक सांगितलंय, यूट्यूबवरच्या पोरानं तिच्यावर पाण्याची अख्खी बाटली ओतून दाखवलीय. एवढं सगळं झाल्यावर तुम्ही धुळीला घाबरलात तर चारचौघांत शोभेल का?

तेव्हा दत्तजयंतीला सारंगखेड्याला बिनधास्त जा. घोडेबाजारात रेवाल चालीचा घोडा धुरळा उडवत आला की त्याच्या अगदी समोर बसकण मारा आणि झूम सारखा पुढे-मागे करत राहा. झूम करताना लांब होणारी लेन्स हवा आत ओढते, आखूड होताना बाहेर सोडते. हवा परत जाते, धूळ मुक्कामाला राहते. कॅननची 1998 सालची जुनी 100-400 झूम लेन्स हातानं पुढे-मागे ढकलायची असायची. तिला जगभरच्या फोटोग्राफरांनी 'डस्ट पंप' असं नाव ठेवलं होतं. आपल्याकडे विहिरीवर एक पंप असतोच, गळ्यात दुसरा असला म्हणून बिघडलं कुठे? आणि आतले चार कण फोटोत दिसत नाहीत, हेही तितकंच खरं. ते दिसतात लेन्स विकायला काढल्यावर.

'वेदर सील्ड', म्हणजे धूळ-पाण्यापासून बंदिस्त, या शब्दावर मात्र पूर्ण श्रद्धा ठेवा. सीलिंग म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडते त्या माउंटला एक रबरी रिंग आणि फटींमध्ये थोडं रबर, थोडा फोम, असली माहिती काढत बसू नका. माहितीपुस्तिका तर उघडूच नका. कॅननच्या एल या महागड्या मालिकेतल्या काही लेन्सना पुढे फिल्टर लावल्याशिवाय सीलिंग पुरं होत नाही, असं त्यात कंपनीनंच लिहून ठेवलेलं असतं. वाचलंत तर श्रावणात मनुदेवीच्या धबधब्याखाली उभं राहायची हिंमत व्हायची नाही. पंधरा हजारांच्या फोनवर धूळ-पाण्याच्या चाचणीचा आयपी आकडा छापलेला असतो. ओएम सिस्टिमसारखी एखादी कंपनी आपल्या काही लेन्सना आयपी53 असा आकडा देते. बाकी बहुतेकांच्या दोन-दोन लाखांच्या लेन्सवर आकडाबिकडा काही नसतो, नुसता विश्वास असतो. आणि पाणी आत गेलंच, तर वॉरंटीत बसत नाही.

लग्नसराई ऐन मे महिन्यात. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा आपल्याकडे मुहूर्त निघतात. जेवणाची पंगत बसली की बॅग गाडीत ठेवा, काचा बंद करा आणि गाडी उन्हात लावा. त्या भट्टीत आतलं ग्रीस पातळ होऊन सरकतं आणि कालांतरानं ॲपर्चरच्या, म्हणजे प्रकाशाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या पात्यांवर येऊन बसतं. पाती चिकटतात. तुम्हाला हे लगेच कळणार नाही, कारण तुम्ही सगळं एफ 2.8 वर, म्हणजे भोक पूर्ण उघडं ठेवून काढता. मागचं धूसर झालं नाही तर गिऱ्हाईक त्याला कॅन्डिड मानत नाही, आणि एफ 2.8 वर पात्यांना हलावंच लागत नाही. कळतं ते स्टेजवर दोन्हीकडचे पाहुणे तीन रांगांत उभे केल्यावर. तुम्ही भोक लहान करायला एफ 8 करता, पाती जागची हलत नाहीत. फोटो पांढराफटक येतो आणि मागच्या रांगेतले सगळे मामा धुक्यात जातात. घाबरू नका. नवरदेव इतका गोरा कधीच आला नव्हता म्हणून वरमाय खूश असते. मामालोकांचं नंतर बघता येईल.

कंपन्यांचं मात्र हसू येतं. कॅनन आपल्या दूरचं टिपणाऱ्या मोठ्या टेलिफोटो लेन्स पांढऱ्या रंगवते. आतल्या फ्लोराइटच्या भिंगांना उष्णता सोसत नाही, म्हणून ऊन परतावं. आपण काय करतो? यावलच्या जंगलात जायचंय म्हणून तिला हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा झगा शिवतो आणि दुपारी बारा वाजता पाणवठ्यावर मांडून बसतो.

हळदीत हळद, वरातीत धूर, स्टेजवर कोल्ड पायरोच्या ठिणग्या. यात नवीन काही नाही, चालू द्या. पावसाळ्यात ऑर्डरी नसतात, तेव्हा लेन्स पुसायच्या भानगडीत न पडता बॅगेत, बॅग कपाटात आणि कपाट बंद. थेट दिवाळीला उघडायचं. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात घर असेल तर उत्तमच. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की काचेवर बुरशी छान धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू काठाकडून आत यायला लागतात. वाढू दिली तर काचेवरचं कोटिंगही खाते, मग पुसून जात नाही. हवा कोरडी ठेवणारं ड्राय कॅबिनेट घ्यायचा विचार आलाच, तर त्याच पैशात नवी लाइट येते हे लक्षात ठेवा.

आता मुख्य सोहळा, म्हणजे दुरुस्ती.

एक दिवस कॅमेऱ्यावर 'एरर 01' येईल. कॅननच्या भाषेत याचा अर्थ लेन्स आणि कॅमेऱ्याचं आपसात बोलणं बंद पडलंय, संपर्कबिंदू पुसा. तुम्ही रुमालानं पुसाल, मग पोराच्या खोडरबरानं. पुष्कळदा बिघाड तिथे नसतोच. आत एक फ्लेक्स असते, कागदाइतकी पातळ तांबड्या-पिवळ्या रंगाची पट्टी. तुम्ही झूम फिरवता तेव्हा दर वेळी ती वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. सारंगखेड्याला तुम्ही तिच्याकडून भरपूर व्यायाम करून घेतला आहे. शेवटी तिला बारीक तडा जातो. तो नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही.

पहिला इलाज गावात. स्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे जा. त्याच्याकडे एकच स्क्रूड्रायव्हर असतो, आणि जपानी लेन्सच्या स्क्रूचं डोकं साध्या फिलिप्सपेक्षा थोडं वेगळं असतं. स्क्रू फिरण्याऐवजी त्याचं डोकंच गुळगुळीत होईल. लेन्स उघडणार नाही, पण उघडायचा प्रयत्न झाल्याची खूण राहील. पुढे कंपनीच्या माणसाला तीच हवी असते.

मग बबल रॅप आणि मुंबई किंवा पुण्याचं कुरियर. आठवड्यानं एस्टिमेट येईल. ते उभ्यानं वाचू नका. पट्टी काही शेकड्यांची असेलही, पण सुटी मिळेलच असं नाही. येते ती सगळी असेंब्ली. त्यावर मजुरी, त्यावर 18 टक्के जीएसटी. 'बाहेरून छेडछाड' या शेऱ्याखाली वॉरंटी संपलेली. नको म्हणालात तर तपासणीचे पैसे आणि परतीचं कुरियर. मजुरीवरून मात्र भांडू नका. लेन्स उघडली की काचा पुन्हा केसभरही न हलता एका रेषेत बसवाव्या लागतात, नाहीतर फोटोची एक बाजू कायमची मवाळ. ते काम खरंच मजुरीच्या लायकीचं आहे. उपरोधिक लेखातही एखादी गोष्ट सरळ सांगावी लागते.

बिल दाखवा म्हटल्यावर तुम्हाला आठवेल की बिल नव्हतंच. बिनबिलाची घेतली म्हणून स्वस्त पडली होती, आणि ते तुम्ही साऱ्या गावाला सांगितलंही होतं.

पार्ट परदेशातून यायचा असेल तर धीर सोडू नका. आपला रानपिंगळा, म्हणजे ते छोटं घुबड, 1884 नंतर कुणालाच दिसला नव्हता. नामशेष झाला असंच सगळे धरून चालले होते. 1997 च्या नोव्हेंबरात तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी सापडला. 113 वर्षं गेली, पण सापडला! तुमच्या असेंब्लीला तर अजून चारच महिने झालेत. उत्पादन बंद पडलेल्या लेन्सचे सुटे भाग काही वर्षांनी कंपनीकडेही उरत नाहीत, पण तेव्हाचं तेव्हा.

दरम्यान घरी आप्पा म्हणतील, "इतला पैसामा दोन म्हशी यी जातीन, भाऊ!" त्यांच्याशी वाद घालू नका. म्हैस आजारी पडली तर डॉक्टर गोठ्यात येतो, तिला पुण्याला कुरियर करावं लागत नाही. या मुद्द्यावर तुमच्याकडे उत्तर नाही.

लेन्स दुरुस्त होऊन आली की लगेच विकायला काढा. फोटोग्राफरांच्या ग्रुपवर टाका : "मिंट कंडिशन, घरगुती वापर, पैशांची गरज असल्याने देणे आहे." धुळ्याहून कुणीतरी बघायला येईलच. तो लेन्स उघड्या दारासमोर धरेल, झूम फिरवेल, कानाशी नेऊन आवाज ऐकेल, मग खिशातून टॉर्च काढून आत मारायला लागेल. अशा वेळी लाइट गेली म्हणून सांगू नका, टॉर्चला लाइट लागत नाही. चहा मागवा. चहा येईपर्यंत तुमच्या नव्या लेन्सचा विषय काढा. अडीच लाखांची. मेटल बॉडी.