लिथुआनिया ‘एकही गोळी न झाडता’ झुकला का?

बाल्टिक देशांचा विषय निघाला की एक दावा हमखास फिरतो: ‘१९४० साली लिथुआनियाने एकही गोळी न झाडता गुडघे टेकले, मतदान करून लोक सोव्हिएत संघात गेले, नंतर जंगलात लपले ते नाझींचे उरलेसुरले हस्तक, आणि १९९१ चं स्वातंत्र्य आयतं मिळालं.’

लष्कराला लढायचा हुकूम मिळाला नाही, हे खरं. राष्ट्राध्यक्ष स्मेतोना निदान नावापुरता तरी प्रतिकार करा म्हणत होते. मंत्रिमंडळाने ऐकलं नाही. पण सोव्हिएत संघाशी झालेल्या १९३९ च्या करारानंतर सुमारे २०,००० सोव्हिएत सैनिक देशातल्या तळांवर आधीच येऊन बसले होते, हे कुणी सांगत नाही. १४ जून १९४० च्या मध्यरात्री मॉस्कोचा निर्वाणीचा खलिता आला, उत्तराला मुदत सकाळी दहाची. ती संपायच्या कित्येक तास आधी, पहाटेच, उता गावच्या सीमाचौकीवर आलेक्सांद्रास बाराउस्कास हा पोलीस सोव्हिएत सैनिकांच्या गोळीला बळी पडला. गोळी झाडली गेली होती. कुणी झाडली, तेवढं या दाव्यात नसतं.

मतदानाचं म्हणाल तर जुलैच्या त्या निवडणुकीत उमेदवारांची यादीच एक होती. पुढच्या जूनमध्ये सुमारे १७,००० माणसं मालगाड्यांत कोंबून हद्दपार केली गेली.

‘नाझींचे हस्तक’ हा आरोप मात्र झटकून टाकता येत नाही. १९४१ मध्ये देश जर्मनांच्या ताब्यात गेला. लिथुआनियातले बहुतेक सगळे ज्यू मारले गेले, त्यात स्थानिक लोकांचा हात होता, आणि त्यांतले काही पुढे जंगलात गेले. हे लपवणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. पण जंगलातली सगळी चळवळ त्यात बसत नाही. १९४३ मध्ये जर्मनांना इथे एसएसची, म्हणजे नाझींच्या सशस्त्र संघटनेची, फौज उभारायची होती. तरुण आलेच नाहीत. १९४४ मध्ये जनरल प्लेखाविचियुस यांच्या दलात मात्र हजारोंनी नावं नोंदवली, कारण ते दल लिथुआनियासाठी होतं. जर्मनांनी ते मेमध्ये मोडलं, जनरलना अटक केली, काही सैनिकांना गोळ्या घातल्या. तोफखान्यातला अधिकारी योनास झेमाइतिस याच दलात होता. त्यानंतर त्याने जंगल धरलं आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये तो परत आलेल्या सोव्हिएत सत्तेविरुद्धच्या सगळ्या लढ्याचा प्रमुख झाला. १९५३ मध्ये पकडला गेला, पुढल्या वर्षी मॉस्कोच्या बुतिर्का तुरुंगात त्याला गोळी घातली.

या युद्धात सुमारे २०,००० बंडखोर मेले. त्यांची भुयारं घराखाली, गोठ्याखाली, कधी विहिरीच्या भिंतीत असत. वेढा पडला की कित्येकजण हातबॉम्ब तोंडाजवळ धरून फोडत. चेहरा ओळखू आला तर घरचे सैबेरियाला जात, म्हणून. प्रेतं बाजारच्या चौकात टाकली जात, आणि कुणाचे डोळे भरून येतात ते हेर टिपत. आई त्या चौकातून जात असेल, तर तिने मान न वळवता चालत राहायचं.

आणि ‘आयतं’ स्वातंत्र्य? १३ जानेवारी १९९१ च्या रात्री विल्नियुसच्या टीव्ही मनोऱ्याभोवती निःशस्त्र लोक सोव्हिएत रणगाड्यांसमोर उभे राहिले. १४ जणांचे जीव गेले. मॉस्कोने मान्यता दिली ती ६ सप्टेंबरला. त्याआधी ३१ जुलैच्या पहाटे मेदिनिन्काईच्या चौकीवरच्या सातजणांचा बळी ओमोन या सोव्हिएत विशेष पोलीस दलाच्या माणसांनी घेतला होता. पुन्हा पहाट, पुन्हा सीमाचौकी.